यमुताईचा चहा आणि सायकलची चेन

लोखंड वापरून वापरून लांब होतं, हे मला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी कळलं, आणि तेही दसऱ्याच्या पाच दिवस आधी. थोडं लवकर कळलं असतं तर पुढचा सगळा तमाशा टळला असता, असं आमच्या घरातलं मत आहे. घरातलं मत म्हणजे माझ्या बायकोचं, प्रमोदिनीचं मत. आमच्याकडे दोनच माणसं आहेत आणि त्यातल्या एकाला मत नसतं.

झालं असं की सेमिनरी हिल्सच्या चढावर मी उभं राहून जोरात पायडल मारलं, तर खालून 'कटाक्' असा आवाज आला. पाय एकदम रिकामा खाली गेला आणि गुडघा हँडलवर आपटला. शेजारून जाणाऱ्या ऑटोतली शाळेची पोरं खिदळली. पुन्हा पायडल मारलं, पुन्हा 'कटाक्'. शेवटी मी सायकल उतरणीला लावली, धरमपेठेत आणली आणि संघपालच्या दुकानासमोर उभी केली.

संघपाल आमच्या गल्लीच्या तोंडाशी वीस वर्षं सायकली दुरुस्त करतो. बोलतो कमी. त्यानं चेनच्या कड्यांत एक लहानशी पट्टी खुपसली आणि मान हलवली.

"चेन लांब झाली साहेब."

"लांब? लोखंडाची चेन लांब कशी होईल?"

"लोखंड नाई ताणत. कड्यायच्या आतल्या पिना घासते. हरेक कडी केसभर ढिली होते. एकशे सोळा कड्या हायत. केस केस करून बोटभर झाली पाहा."

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगणं भाग आहे. मी तेहतीस वर्षं जमीन मोजणीच्या खात्यात काढली. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एकमेकांची डोकी फोडायला निघालेले भाऊ माझी मोजणी पाहून गप्प घरी गेलेले आहेत. अशा माणसाला सायकलवाल्यानं लांबी शिकवावी, हे मनाला लागलं. घरी येऊन मी पोलादी फूटपट्टी काढली आणि चेनला लावली. नियम असा की एका पिनेवर शून्य धरलं तर पुढची चोविसावी पीन बरोबर बारा इंचांच्या रेघेवर आली पाहिजे. माझी पीन दोन सूत, म्हणजे पाव इंच, पुढे होती. दुसऱ्या जागी मोजलं, तिथेही दोन सूत. संघपालचं बरोबर होतं आणि याचाच मला जास्त राग आला.

मी दुकानातून निघताना तो आणखी एक गोष्ट बोलला होता. "चेनसंगं मागच्या चाकाचे दातेरी चक्रं, ते फ्रीव्हीलबी बदलून टाका. जुन्या चेननं त्याचे दातेबी खाल्ले. नवी चेन त्याईच्यावर बसणार नाई, उड्या मारन." हे मी ऐकलं नाही. म्हणजे कानानं ऐकलं. पण डॉक्टरनं एक गोळी सांगितली की औषधवाला सोबत टॉनिक काढून ठेवतो, तसाच हा प्रकार असणार असं मी धरून चाललो. शिवाय मोबाइलवर एका सडपातळ मुलानं सात मिनिटांत नवी चेन बसवलेली मी पाहिली होती. सात मिनिटांचं काम! मी ते घरीच करायचं ठरवलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढी घाई कसली? चेन ती, आज नाही तर उद्या बसेल. तर नाही. या चेनवर माझ्या मोठ्या बहिणीचा चहा लटकलेला होता.

दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयात काहीतरी तुंबलं आणि मला धंतोलीच्या एका दवाखान्यात टाकलं. यमुताई आपल्या गावाहून, खाप्याहून, मिळेल त्या गाडीनं धावत आली. यमुताई म्हणजे दिवसाला सात कप चहा. आमच्या आईनं तिला दुधाऐवजी चहावरच वाढवली, असं नातेवाइकांत बोललं जातं. मला आत नेत होते तेव्हा ती व्हरांड्यात उभी होती, हातात थर्मासच्या झाकणात ओतलेला वाफाळता चहा. तो तिनं तसाच खाली फरशीवर ठेवला आणि म्हणाली, "देवीमाय, माहा अंता आपल्या दारापासून माह्या दारापर्यंत आपल्या पायानं येईन, तवाच मी चहाले तोंड लावीन."

मी वाचलो. चहा गेला. महिनाभरानं मी कारनं खाप्याला गेलो, तर तिनं दारातच विचारलं, "कशानं आला?" कारनं म्हटल्यावर म्हणाली, "मंग ते कारचे पाय झाले." आमच्या वरच्या मजल्यावरचे चंपतराव कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पळवाट काढून दिली की कार गावाबाहेर उभी करायची आणि शेवटची शंभर पावलं चालत जायचं. हे मी फोनवर यमुताईला विचारलं, तर ती कडाडली, "देवीले का आंधळी समजून राहिला का?"

चाळीस किलोमीटर चालणं मला डॉक्टरनं मना केलं. सायकलला मात्र हो म्हटलं. मग सायकल चालेल का यावर खाप्याला आठ दिवस विचार झाला आणि निकाल आला: "पायडल पायानंच मारते नं? मंग चालते. पन नवस देवीचा हाय, फिटन तं दसऱ्यालेच." गेला दसरा माझा सराव नव्हता म्हणून चुकला. या दसऱ्याला चुकलं तर आणखी एक वर्ष. तिकडे भाचा ऋषी दर आठवड्याला फोन करून रडत होता. "मामा, काहीही करा पण या. आई बिनाचहाची सकाळी उठते अन् आम्हाला दिवसभर पुरते." तो गमतीनं बोलायचा, पण मला गंमत वाटायची नाही. सत्तरीची बाई, डोकं दुखतं म्हणून कपाळाला फडकं बांधून बसते, समोर घरातले सगळे चहा पितात, आणि ही माझ्यासाठी सुंठेचं पाणी पिते. हे आठवलं की माझं मला कसंतरी व्हायचं.

तर चेन. ती कुरिअरनं नवमीच्या सकाळी आली. तेलानं चमकणारी, नवीकोरी! मी हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरलं, सायकल उलटी केली, पीन काढायचा पंच लावून जुनी चेन तोडली. काय आनंद होता! नवी चेन नेहमी जरा लांब येते, ती आपल्या सायकलच्या मापाची करून घ्यावी लागते. मी जुनी आणि नवी शेजारी शेजारी फरशीवर सरळ ताणल्या, दोन्ही टोकांना काटकोनाचा गुण्या लावला, आणि जुनीच्या बरोबर लांबीवर नवी तोडली. तेहतीस वर्षांचा हात होता. केसाचाही फरक नाही. प्रमोदिनीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "छान. आता हे काळं वर्तमानपत्र उचला, मला पूजा मांडायची आहे."

आता राहिलं होतं फक्त जोडायचं. त्यासाठी एक जोडकडी येते. नखाएवढ्या दोन पट्ट्या, एकमेकींत अडकवल्या की चेन पूर्ण. मी त्या कागदाच्या पुडीत ठेवल्या आणि हात धुवायला गेलो. काळं तेल साबणानं जात नाही, बेसनानं जातं, हे चंपतरावांनी कधीतरी सांगितलं होतं. त्यामुळे मला वीस मिनिटं लागली.

बाहेर येऊन पाहतो तर खंडेनवमी पूर्ण रंगात आलेली. पाटावर मिक्सर, शिलाई मशीन, माझा लॅपटॉप, पेचकस, पक्कड, माझी जुनी मोजणीची टेप, आणि मधोमध नवी चेन वेटोळं घालून बसलेली. तिच्यावर झेंडूचं फूल. सगळ्यांना हळदीकुंकू, अक्षता. सायकलच्या मडगार्डवर स्वस्तिक. उदबत्ती चालू.

"अगं, चेन कशाला उचललीस? मला बसवायची आहे."

"आज हत्याराला हात लावायचा नसतो. उद्या सकाळी उत्तरपूजा झाली की घ्या."

"पण चेन हे हत्यार आहे का?"

"तुमच्या हातात असली की आहे."

मी चंपतरावांना खाली बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, पाटाभोवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला. "असं पाहा अनंतराव, पेचकस हत्यार होय. चेन हत्यार नोहे, सुटा भाग होय. पन एकदा पूजेत बसली म्हंजे जप्तीतला माल झाला. पूजा उठल्याबिगर ताबा नाई भेटत." प्रमोदिनीनं त्यांना प्रसाद दिला आणि निकाल पक्का झाला.

हरकत नव्हती. सात मिनिटांचं काम होतं. पहाटे पाचला उठायचं, सव्वापाचला चेन बसलेली, साडेपाचला सायकलवर टांग, आणि नऊच्या ठोक्याला खाप्यात. दसऱ्याचं सीमोल्लंघन आमच्या घराण्यात पूर्वी घोड्यावरून होत असे म्हणतात. नंतर ते कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत चप्पल घालून होऊ लागलं. उद्या मी खरोखर शहराची सीमा ओलांडणार होतो, आणि तीही स्वतःच्या पायानं! त्या आनंदात मला नीट झोप लागली नाही आणि जाग पावणेसहाला आली.

तोवर प्रमोदिनीनं उत्तरपूजा करून, पाट पुसून, निर्माल्य सोसायटीच्या खड्ड्यात टाकून चहासुद्धा टाकलेला होता. चेन होती, पेचकस होता. जोडकडीची पुडी नव्हती.

"पुडी? ती होय. त्यात मला वाटलं अक्षता आहेत. फुलांसोबत गेली बहुतेक."

मी खाली बसलो. अगदी त्याच क्षणी फोन वाजला. यमुताई! "अंता, निघाला का रे?"

"निघालोच," मी म्हटलं. आपल्याकडे निघालोच म्हणजे अजून अंघोळ व्हायची आहे, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. पण यमुताई दोन वर्षं वाट पाहत होती. तिनं ते शब्दशः घेतलं आणि "मंग मी नवाच्या टायमाले आधन ठेवतो बापा," म्हणून फोन ठेवला.

आमच्या सोसायटीचा निर्माल्याचा खड्डा म्हणजे जाळीचा एक हौद आहे. त्याला कुलूप असतं, वरच्या फटीतून फुलं आत टाकता येतात, काढता मात्र येत नाहीत. किल्ली सेक्रेटरीकडे. आमची सेक्रेटरी भूमिका बत्तीस वर्षांची, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तिनं सोसायटीचा सगळा कारभार मोबाइलच्या अॅपवर नेलेला. तक्रार असेल तर अॅपवर टाका, दार वाजवू नका, असा तिचा नियम. मी नियम पाळणारा माणूस आहे. अॅप उघडलं. पाणी, लिफ्ट, पार्किंग, इतर. मी 'इतर' दाबलं. समस्येचा फोटो मागितला. मी बंद हौदाचा फोटो काढला. लिहिलं: माझी जोडकडी निर्माल्यात गेली आहे, बहिणीचा चहा अडला आहे, कृपया कुलूप उघडावे. दोन मिनिटांनी उत्तर आलं: 'आपली समस्या सुटली याचा आम्हाला आनंद आहे.'

मग मी दार वाजवलं. भूमिका डोळे चोळत आली. मी एका दमात धंतोलीपासून बेसनापर्यंत सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ही नियमावली दाखवणार. तर ती ओरडली, "म्हणजे दोन वर्षांपासून चहा नाही? काका, मी तर दोन तास नाही राहू शकत! चला!" आणि चपला न घालताच किल्ली घेऊन पळाली.

पुढचा एक तास मी कोणाला सांगत नसतो. मी हौदात उतरलो होतो. नऊ दिवसांचं, चाळीस घरांचं निर्माल्य. भूमिका फुलं उपसत होती. चंपतराव काठावर उभे राहून सूचना करत होते. त्यांनीच सुचवलं की लोहचुंबक आणा. लोहचुंबक आमच्या फ्रिजच्या दारावर होता, तिरुपतीहून आणलेला बालाजी. तो दोऱ्याला बांधून मी निर्माल्यात फिरवू लागलो. आधी तीन सेफ्टी पिना आल्या. मग एक खिळा, कोणाच्या तरी ओटीतल्या बांगडीची तार, आणि सातव्या फेरीला, बालाजीच्या पोटाला चिकटलेली, हळदीनं माखलेली अर्धी जोडकडी!

आम्ही तिघं ओरडलो. गच्चीवरून लोक डोकावले. दुसरी अर्धी मात्र मिळेना. शेवटी वरून प्रमोदिनीची हाक आली. "अहो, ही मिक्सरच्या बुडाला काय चिकटली आहे पाहा!" कुंकवाच्या ओलीनं दुसरी पट्टी तिथे चिकटून बसली होती. म्हणजे पुडी फुटली होती घरीच, आणि मी तासभर हौदात होतो ते निम्म्या कारणासाठी.

चेन चढवली. जोडकडी लावली. 'टक्' करून बसली. मागचं चाक हातानं फिरवलं तर आवाजच नाही, नुसती तेलाची सरसर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी कपाळाला कुंकू लावून घेतलं, टांग मारली, पार्किंगमध्ये पहिलं पायडल दाबलं आणि खालून 'कटाक्'.

मी पुन्हा दाबलं. पुन्हा 'कटाक्'. नवी चेन जुन्या दात्यांवरून उड्या मारत होती, संघपालनं सांगितली तशीच. साडेआठ वाजत आले होते. दसरा, सगळी दुकानं बंद. संघपाल तर दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर असतो, त्याचं मंडळ बाहेरून आलेल्या लोकांना पाणी वाटतं. मी फोन लावला. पलीकडे गर्दीचा समुद्रासारखा आवाज येत होता.

"संघपाल, जय भीम. तुझं बरोबर होतं." हे वाक्य म्हणताना मला काय वाटलं ते मीच जाणे.

"उड्या मारते नं? मले मालूम होतं. किती कड्या ठेवल्या?"

"बरोबर जुनीएवढी. लांबीला लांबी लावून तोडली. केसाचा फरक नाही."

"साहेब, जुनी लांब झाली म्हनून तं बदलवली नं? कड्या गिनाच्या असते. आता तुमची नवीबी दोन कड्या जास्तीची झाली." तेहतीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोरून गेली.

"जाऊ द्या. मागचं सगळ्यात मोठं चक्र, ते कधी वापरलं का?"

"छे! ते म्हाताऱ्यांचं."

"मंग त्याचे दाते नवेच असन. तिथं टाका. तिथं उड्या नाई मारत अन् जास्तीच्या कड्याबी खपून जाते. खाप्यापर्यंत गिअरले बोट नाई लावाचं. हौ का? हळू जाईन, पन जाईन."

जाईन! मी त्या मोठ्या चक्रावर चेन टाकली. पायडल मारलं. आवाज नाही. पुन्हा मारलं. चेन धरून बसली! मी पार्किंगमधून बाहेर पडलो तेव्हा भूमिकानं शिट्टी वाजवली आणि चंपतराव कोर्टातल्या आवाजात ओरडले, "अनंतराव हाजिर हो!"

ज्यांनी सायकलचं मोठं चक्र वापरलं नसेल त्यांना सांगतो. पाय शिलाई मशीनसारखे चालतात आणि सायकल वरातीसारखी. मानकापूरपर्यंत मला घाम फुटला. मागून प्रमोदिनी कार घेऊन, चारही दिवे लुकलुकवत, पहिल्या गिअरमध्ये येत होती. तिच्यामागे पन्नास गाड्या हॉर्न वाजवत होत्या. कोराडीला देवीची गर्दी होती, लोकांना वाटलं ही कोणाची तरी मिरवणूक आहे. एका बाईनं मला नमस्कार केला. मीही केला.

कोराडी सोडल्यावर एक म्हातारा काळ्या दांडीच्या सायकलवर, मागे झेंडूचं पोतं बांधून, आरामात माझ्या बाजूला आला. डोक्यावर टोपी, तोंडात सुपारी. नाव नत्थूजी, राहणार खाप्याचाच. दहा मिनिटं त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं.

"काहून गा बापू, पाय तं पंख्यावानी चालून राहिले, पन गाडी जागीच हाय?"

मी त्याला धापा टाकत चेन, चक्र आणि चहा, तिन्ही सांगितलं. तो गंभीर झाला. "यमुताईचा भाऊ का तू? मांगं मोटार कोनाची?"

"बायकोची."

"अन् तू तिच्यात बसून नाई राहिला?" त्यानं मान हलवली, "चाल बापू, मी सांगतो जाऊन," म्हणाला आणि दोन पायडलांत दिसेनासा झाला. सत्तरीचा माणूस, सायकल चाळीस वर्षांची.

पाटणसावंगीच्या पुढे ऊन डोक्यावर आलं. पाय कणकेसारखे झाले. मी एका बाभळीखाली थांबलो. प्रमोदिनीनं पाण्याची बाटली दिली, गोळी दिली, माझी नाडी धरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "बसा गाडीत. तीन-चार किलोमीटर फक्त. सायकल डिकीत टाकू. गावाजवळ उतरा. कोणाला कळणार आहे?"

ती चेष्टा करत नव्हती. दोन वर्षांपूर्वी धंतोलीत तिनंच कागदावर सह्या केल्या होत्या. मला तिची दया आली आणि गाडीतल्या थंड हवेची झुळूक माझ्या पायांना लागली. खरं सांगतो, मी दाराला हात घातलाही होता. तेवढ्यात मला तो फरशीवर ठेवलेला चहा दिसला. थर्मासचं लाल झाकण, त्यातून निघणारी वाफ. ऑपरेशनच्या खोलीत जाताना मी शेवटचं तेच पाहिलं होतं. मी हात काढून घेतला.

"नाही गं. तिला कळणार नाही, पण चहाला कळेल."

प्रमोदिनीनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि गाडीत जाऊन बसली.

त्यानंतर काय अंगात आलं देव जाणे. गावाची कमान दिसू लागली, रस्त्याला जरा उतार लागला, आणि मला वाटलं की बहिणीच्या दारात असं गोगलगायीसारखं जाणं बरं नाही. ऐटीत जावं. मी गिअरला बोट लावलं. 'कटाक्'! चेन उडाली, पाय घसरला आणि मी रस्त्याच्या कडेला वाळत घातलेल्या सोयाबीनच्या ढिगात तोंडावर पडलो. लागलं काहीच नाही. सोयाबीन मऊ असतं. फक्त शर्टात, कानात आणि तोंडात शेंगांचा भुसा गेला. ज्याचं सोयाबीन होतं तो शेतकरी धावत आला आणि आधी मी जिवंत आहे का ते पाहून मग सोयाबीनकडे पाहू लागला. चेन हातानं चढवली. आता बेसनही नव्हतं. काळे हात, डोक्यात भुसा, अशा अवतारात मी पुन्हा मोठ्या चक्रावर खाप्यात शिरलो. घड्याळात दीड वाजला होता.

यमुताई दारात उभी होती. कपाळाला फडकं बांधलेलं, हातात आपट्याची पानं. ओट्यावर नत्थूजी बसलेला, शेजारी अर्धी गल्ली. मी उतरलो तर पाय जमिनीवर ठरेनात. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, आधी मागच्या कारकडे पाहिलं.

"नत्थूजी, बसला होता का मोटारीत?"

"नाई यमुताई. मी पाह्यलं. मोटार मांगं, हा पुढं. लोक हासून राहिले, पन हा बसून नाई राहिला."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. तांब्या आणला, खाली वाकली आणि सत्तर वर्षांच्या हातांनी माझे पाय धुतले. मी नको नको म्हणत होतो, पण तिच्यापुढे माझं कधी चाललं आहे? "दोन वर्सांपासून या पायाची वाट पाह्यली," ती म्हणाली आणि पदरानं माझे पाय कोरडे केले. ऋषी तोंड फिरवून आपट्याची पानं निवडू लागला.

आत चुलीवर पातेलं होतं. तिनं नऊ वाजता आधण ठेवलं होतं, कारण मी निघालोच होतो. नऊचे दहा झाले, पाणी आटलं, तिनं आणखी घातलं. अकराला पुन्हा, बाराला पुन्हा. नवसाचं आधण विझवायचं नाही, असं तिनं स्वतःच ठरवलेलं. साडेचार तास उकळलेला तो चहा डांबरासारखा झाला होता. त्यात तिनं दूध घातलं तरी रंग बदलेना.

तिनं कप देवीला दाखवला. मग डोळे मिटून, दोन्ही हातांनी कप धरून पहिला घोट घेतला. तिचा चेहरा हळूहळू आक्रसला, डोळे उघडले, पण तिनं घोट गिळला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. कप संपवून पालथा करून पाहिला आणि पुन्हा पातेल्याखाली धरला.

मीही माझा कप पुढे केला. प्रमोदिनीनं पहिल्यांदाच साखर मोजली नाही. एका घोटात माझ्या जिभेचं कातडं निघालं, पण इतका चांगला चहा मी आयुष्यात प्यालो नव्हतो.

तिसरा कप रिकामा झाल्यावर यमुताईनं कपाळाचं फडकं सोडलं, घडी घातली आणि माझ्या काळ्या हातांकडे, भुशानं भरलेल्या डोक्याकडे, दारात उभ्या असलेल्या त्या सायकलकडे पाहिलं.

"अंता," ती म्हणाली, "नवस फिटला. आता पुढच्या खेपेले मोटारीनंच ये बापा. चहा तरी ताजा भेटन."